पांढऱ्या पट्ट्याचा पिवळेपणा: अस्सल, नक्कल आणि बनावट

१/ जुन्या मोटारींच्या जगात एक वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. टायरच्या बाजूवरचा रुंद पांढरा पट्टा काळाच्या ओघात पिवळा, मग तपकिरी पडतो. एक पक्ष म्हणतो, तो घासून पुन्हा शुभ्र करावा. दुसरा पक्ष म्हणतो, त्या पिवळेपणाला हात लावू नये, कारण तीच गाडीच्या वयाची खूण आहे. या धाग्यात मला दोन्ही पक्षांशी वाद घालायचा आहे.

२/ माझे म्हणणे आरंभीच मांडतो. दोन्ही पक्ष एक प्रश्न विचारायचे विसरतात : हा पिवळेपणा कुणाचा? गाडीचा, टायरचा की रस्त्याचा? उत्तर मिळाल्याशिवाय हातात ब्रश घेणे जितके चुकीचे, तितकेच हात जोडून उभे राहणेही. आणि या प्रश्नाचे उत्तर टायरच देतो, कारण टायर हा वाचता येण्याजोगा दस्तऐवज आहे.

३/ प्रथम एक गैरसमज दूर करू. टायर मुळात काळा नसतो. रबराच्या झाडाचा चीक पांढरा असतो आणि त्यापासून बनणारे कच्चे रबर फिकट, मळकट पांढरे किंवा पिंगट. आरंभीच्या टायरांत मजबुतीसाठी झिंक ऑक्साइड मिसळत. आपल्या वैद्यकातील यशदभस्माचा मुख्य घटक तोच. त्यामुळे १९००च्या आसपासच्या मोटारींची चाके पांढुरकी दिसत.

४/ याचा सर्वांना परिचित पुरावा म्हणजे मिशेलिन कंपनीचा टायरांचा माणूस, बिबेंडम. १८९८ साली ओगालो या टोपणनावाच्या फ्रेंच चित्रकाराने तो रेखाटला. टायरांच्या वळ्यांनी बनलेला हा माणूस पांढरा का, असा प्रश्न आज लहान मुलांनाही पडतो. उत्तर सोपे आहे : तो जन्मला तेव्हा टायरच पांढरे होते. जग काळ्या टायरांवर आले, तो मात्र जुन्याच रंगात राहिला.

५/ काळा रंग आला तो काजळीमुळे. अत्यंत बारीक कार्बन, ज्याला उद्योगात कार्बन ब्लॅक म्हणतात, रबरात मिसळल्यास रबराची झीज कमालीची घटते, हा शोध १९०४ साली लंडनजवळच्या सिल्व्हरटाऊन येथील रबर कारखान्यात एस. सी. मोट यांनी लावला. पुढील दशकात अमेरिकन कंपन्यांनी तो उचलला. बी. एफ. गुडरिचला ही काजळी पुरवणाऱ्यांत बिनी अँड स्मिथ ही कंपनी होती. मुलांचे क्रेयोला खडू बनवणारी तीच ही कंपनी.

६/ पण काजळी महाग होती. म्हणून ती केवळ रस्त्याला टेकणाऱ्या भागात घालत आणि बाजू पांढऱ्याच ठेवत. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात ती घर्षण होते तेथेच, संपूर्ण चाक कुणी लोखंडाचे करत नाही. हिशोब तोच. याचा अर्थ लक्षात घ्या : पांढरी बाजू हा आरंभी अलंकार नव्हता, ती काटकसर होती.

७/ मग काटकसरीचा अलंकार कधी झाला? शिकागोच्या व्होग कंपनीने १९१४च्या सुमारास श्रीमंतांच्या, चालक ठेवलेल्या वाहनांसाठी पांढऱ्या बाजूचे टायर बनवले. तरीही पुढची काही वर्षे संपूर्ण काळा टायर हाच वरच्या दर्जाचा मानला जाई. तो टिकाऊ, आणि त्याला निगा कमी लागे. १९३०च्या दशकातील अनेक आलिशान गाड्या काळ्या टायरांवरच धावल्या. आज त्याच गाड्यांना पांढरे पट्टे चढवून उभे केलेले पाहिले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला चुकल्यासारखे वाटते.

८/ एप्रिल १९३४मध्ये फोर्डने आपल्या सर्व नव्या गाड्यांवर पांढऱ्या पट्ट्याचे टायर देऊ केले, अधिक ११.२५ डॉलर मोजून. येथे अर्थ पूर्ण पालटला. स्वस्त म्हणून उरलेला पांढरा रंग आता जादा पैसे देऊन घ्यायचा रंग झाला. चिखल, तेल आणि धूळ यांच्याशी रोज झुंजणाऱ्या वस्तूला पांढरे ठेवणे याचा अर्थ एकच : ती धुण्यासाठी मालकाकडे फुरसत आहे, किंवा धुणारा माणूस आहे.

९/ माझ्या मते पांढऱ्या पट्ट्याचे खरे मोल रंगात नव्हते, ते श्रमात होते. शुभ्र धोतराचा रुबाब धोतराइतकाच ते धुणाऱ्याचाही असतो, आणि छायाचित्रात मात्र धुणारा कधीच येत नाही. जुन्या जाहिरातींत चकाकणारी चाके दिसतात, बादली दिसत नाही. म्हणून पट्टा ‘मूळचा शुभ्र’ होता असे कुणी म्हणाले की मी विचारतो : किती दिवस?

१०/ युद्धाने हा शौक थांबवला. १९४२च्या आरंभी जपानने मलाया आणि पाठोपाठ डच ईस्ट इंडीज जिंकले आणि नैसर्गिक रबराचा मोठा स्रोत दोस्त राष्ट्रांच्या हातून गेला. अमेरिकेत जानेवारी १९४२मध्ये रेशनिंग लागू झालेली पहिली वस्तू साखर नव्हे, टायर होती. त्याच वर्षाअखेरीस देशभर पेट्रोलवर आलेल्या मर्यादेमागचा मुख्य हेतूही पेट्रोल वाचवणे हा नव्हता. गाड्या कमी धावाव्यात आणि रबर कमी झिजावे, हा होता.

११/ युद्ध संपल्यावर नव्या गाड्या आल्या, पण पांढऱ्या पट्ट्याचे टायर लगेच मिळेनात. तेव्हा काही अमेरिकन कंपन्यांनी चाकाभोवती पांढरी कडी बसवली. दुरून पाहणाऱ्याला ती पांढऱ्या पट्ट्यासारखी भासे. १९४६च्या क्रायस्लर गाड्यांवर अशी कडी दिसतात. आज एखाद्याने त्या गाडीची ‘नकली’ कडी काढून ‘खरे’ पांढऱ्या पट्ट्याचे टायर बसवले, तर तो गाडी शोभिवंत करील, पण टंचाईच्या एका वर्षाचा पुरावा पुसून टाकील.

१२/ १९५०च्या दशकात रुंद पट्टा कळसाला पोहोचला आणि मग अरुंद होत गेला. कॅडिलॅकच्या १९५७च्या एल्डोराडो ब्रूअमवर तो जेमतेम एक इंचाचा होता. १९६२पर्यंत बहुतेक अमेरिकन गाड्यांनी अरुंद पट्टा स्वीकारला. म्हणजे पट्ट्याची रुंदी हीदेखील तारीख सांगते. मोडी कागदावरील अक्षराचे वळण पाहून जसा काळाचा अंदाज बांधतात, तसाच पट्टा पाहून टायरचा काळ ताडता येतो.

१३/ आता पिवळेपणाकडे येऊ. त्याची कारणे निरनिराळी आहेत आणि ती वेगळी ओळखणे हाच या धाग्याचा गाभा आहे. पहिले कारण बाह्य : रस्त्याची धूळ, डांबर, ब्रेकची भुकटी, तेलाचे ओघळ. हा मळ पृष्ठभागावर बसतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि नायलॉनचा ब्रश यांना तो बहुतांशी दाद देतो. जे धुऊन जाते, त्याला वयाची खूण म्हणू नये.

१४/ दुसरे कारण आतले. हवेतील ओझोन रबराला तडे पाडतो. ते टाळण्यासाठी काळ्या रबरात ओझोनरोधक द्रव्ये घालतात. ही द्रव्ये स्थिर बसत नाहीत. रबरातून हळूहळू वर झिरपतात, कारण पृष्ठभागावर येऊन ओझोनशी आधी आपण झुंजायचे, हेच त्यांचे काम. तेथे ती तपकिरी होतात. काळ्या रबरावर तो रंग फारसा जाणवत नाही. शेजारच्या पांढऱ्या रबरात झिरपला की लगेच डोळ्यांत भरतो.

१५/ टायर कसा बनतो हे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. पांढरा पट्टा हा रंगाचा हात नसतो. टायरच्या बाजूत पांढऱ्या रबराचा थर बसवतात, वर काळ्या रबराचे पातळ आवरण चढवतात आणि टायर तयार झाल्यावर ते आवरण घासून काढून पांढरा थर उघडा करतात. म्हणजे पांढऱ्याच्या खाली, वर आणि बाजूला काळेच असते. डाग बाहेरून पडतो असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात तो घरातूनच येतो.

१६/ तिसरे कारण आपल्या उत्साहाचे. पेट्रोलियमयुक्त चकाकी आणणारी द्रव्ये टायरला फासली की ती आतील तपकिरी द्रव्यांना वर ओढतात आणि पट्टा आणखी पिवळा होतो. मग मालक ब्लीच आणतो. ब्लीचने दोन दिवस शुभ्रता येते, पण रबर कोरडे पडते, बारीक तडे जातात, आणि तड्यांत मळ अधिक घट्ट बसतो. आजाराहून औषध जड झाल्याचे हे ठळक उदाहरण.

१७/ तर मग ‘पिवळेपणा म्हणजे इतिहास’ या पक्षाला काय सांगावे? त्यांनी आधी टायरवरील अंक वाचावेत. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या आरंभापासून टायरवर ‘डॉट’ ही खूण आणि निर्मितीचा सांकेतिक क्रमांक असतो. २००० सालापासून त्याचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. अखेरचे अंक १२१५ असतील, तर टायर २०१५च्या बाराव्या आठवड्यातला. गाडी १९५५ची, टायर २०१५चा. त्याचा पिवळेपणा १९५५चा कसा असेल?

१८/ रस्त्यावर वा प्रदर्शनात दिसणाऱ्या जुन्या गाड्यांचे टायर बहुधा असे नव्याने घडवलेले असतात, आणि तसेच असायला हवे. वाढत्या वयाबरोबर रबर कडक होते. टायर कितीही चांगला दिसला तरी दहा वर्षांनंतर रस्त्यावर वापरू नये, असा सल्ला अनेक उत्पादक देतात. सत्तर वर्षांच्या टायरवर गाडी पळवणे ही इतिहासनिष्ठा नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

१९/ येथे आपल्या इतिहासलेखनाची जुनी परिभाषा माझ्या कामी येते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्या काळापासून मराठी संशोधक प्रत्येक कागदाला एक प्रश्न विचारत आले आहेत : तू अस्सल, नक्कल की बनावट? बिबेंडमही त्याच वर्षीचा. हा योगायोग असला, तरी तोच प्रश्न मला टायरलाही विचारावासा वाटतो.

२०/ अस्सल म्हणजे गाडीबरोबर आलेला किंवा तिच्या काळातला टायर. नक्कल म्हणजे जुन्या साच्यासारखा आज घडवलेला, आणि तसे उघड सांगणारा. बनावट म्हणजे आजचा असून जुना म्हणून मिरवणारा, मग तो चहाचे पाणी लावून पिवळा केलेला असो वा १९१०च्या गाडीवर चढवलेला झगझगीत पांढरा असो. नक्कल हा गुन्हा नाही. कित्येक महत्त्वाचे कागद आपल्याला नकलांतूनच मिळाले. गुन्हा आहे तो नकलेने अस्सलाची शपथ घेण्यात.

२१/ हा भेद मान्य केला की सफाईचा प्रश्न आपोआप सुटतो. टायर नक्कल असेल, तर निर्धास्त स्वच्छ करा. नव्या पट्ट्यावर कारखान्यातून येताना निळा वा हिरवट संरक्षक लेप असतो. टायर बसवल्यावर तो साबणपाण्याने धुऊन टाकावा. पुढे दर धुण्यात आधी पांढरा पट्टा, मग काळी बाजू. दोन्हींसाठी ब्रश वेगळे, नाहीतर काळ्याचा मळ पांढऱ्यावर चढतो. तारेचा ब्रश नको. साबण पट्ट्यावर वाळू देऊ नये आणि शेवटी भरपूर पाण्याने धुवावे.

२२/ तरीही तपकिरी छटा उरली, तर मेलामाइनचा स्पंज हलक्या हाताने फिरवावा. त्यानेही न भागल्यास पाण्यात भिजवलेला अतिशय बारीक पॉलिश पेपर, संपूर्ण पट्ट्यावर सारख्या दाबाने. मात्र प्रत्येक वेळी आपण पांढऱ्या रबराचा थर थोडा थोडा खरवडत आहोत, हे ध्यानात ठेवावे. तो थर पातळ असतो आणि पुन्हा उगवत नाही. आतून झिरपणारे द्रव्य मात्र परत येतच राहते. ही लढाई जिंकायची नसते, बेताने लढवायची असते.

२३/ टायर अस्सल असेल, तर वागणूक वेगळी. तो गाडीवरून उतरवावा, उन्हापासून दूर, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावा, आणि गाडी नकलेवर चालवावी. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, फार तर ओलसर फडक्याने पुसावे. पण ब्लीच नको, पॉलिश पेपर नको. अभिलेखागारात कागदावरची धूळ झाडतात. कागद पिवळा पडला म्हणून तो शुभ्र करण्याच्या हव्यासाने कुणी घासत बसत नाही.

२४/ यावर नेहमीचा आक्षेप असा की, दुकानातून निघाली तेव्हा गाडी शुभ्रच होती, मग आम्ही तिला मूळ रूपच देतो आहोत. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. परंतु दुकानातला तो दिवस गाडीच्या आयुष्यातला केवळ एक दिवस होता. बाकीची सारी वर्षे पुसून तेवढा एक दिवस राखणे, हा निवडीचा भाग झाला. निवड करावी, पण तिला मूळ रूप म्हणू नये.

२५/ शिवाय ‘मूळ’ पांढरा तरी कोणता? झिंक ऑक्साइड मिसळलेले नैसर्गिक रबर सायीच्या रंगाचे दिसते. झगझगीत पांढऱ्याला आवश्यक असलेले टायटॅनियम डायऑक्साइड हे रंगद्रव्य व्यापारी प्रमाणावर बनू लागले ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. म्हणून १९०५ची गाडी आजच्या पांढऱ्यात न्हाऊ घालणे म्हणजे काळ्या पाषाणाच्या मंदिरावर ऑइल पेंट फासून त्याला जीर्णोद्धार म्हणण्यासारखे आहे.

२६/ १९६४च्या व्हेनिस सनदेने स्मारकांच्या जतनाविषयी एक तत्त्व मांडले : जेथे तर्क सुरू होतो, तेथे पुनर्रचना थांबावी. त्याच विचारपरंपरेत जुन्या वाहनांसाठी ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३मध्ये ट्युरिन सनद आणली. इमारतींना लावलेली शिस्त वाहनांनाही लागू व्हावी, हा तिचा आशय मला महत्त्वाचा वाटतो. वाहन हे खेळणे नव्हे, साधन आहे, इतिहासाच्या अर्थाने साधन.

२७/ आपल्याकडील गाड्यांबाबत हे अधिकच खरे. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडी येथे १९२८पासून जुळणीचा कारखाना होता. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या. हुगळीकाठी साहागंज येथे डनलॉपचा टायर कारखाना १९३६मध्ये सुरू झाला. पुढे आयातीवर निर्बंध आले आणि १९५४ साली जनरल मोटर्सने येथील काम थांबवले.

२८/ अशा देशात दीर्घकाळ धावलेल्या अमेरिकन गाडीला मिळतील ते टायर बसवले गेले असणार, हे गृहीत धरणेच सयुक्तिक. तिला आज अमेरिकन जाहिरातीतला रुंद पांढरा पट्टा चढवला की ती सुंदर दिसते, पण मुंबईची राहत नाही. तिचा साधा काळा टायर हाच कदाचित तिचा अस्सल कागद असेल. जुनी छायाचित्रे तपासा, पावत्या शोधा, ज्या कुटुंबाने ती चालवली त्यांना विचारा, आणि मग पट्ट्याचा निर्णय घ्या.

२९/ एक मळ मात्र कोणत्याही ब्रशने निघत नाही. पांढुरक्या टायरांचे आरंभीचे युग म्हणजे राजा लिओपोल्ड दुसरा याच्या ताब्यातील काँगोचे युग, १८८५ ते १९०८. तेथे रबर गोळा करण्यासाठी ओलीस धरणे, फटके, हात तोडणे असे अत्याचार झाले. रॉजर केसमेंट यांचा अहवाल १९०४मध्ये प्रसिद्ध झाला, ई. डी. मोरेल यांचे ‘रेड रबर’ हे पुस्तक १९०६मध्ये. नंतर मलायाच्या मळ्यांत राबले ते बहुसंख्येने दक्षिण भारतातून नेलेले तमिळ मजूर.

३०/ हे सांगण्याचा हेतू कुणाच्या छंदावर पाणी ओतण्याचा नाही. जुन्या गाड्या जपणारे लोक स्वतःच्या पैशाने आणि कष्टाने आपला औद्योगिक वारसा टिकवत आहेत, आणि या कामी त्यांना संस्थांचा आधार क्वचितच मिळतो. त्यांच्याविषयी मला आदर आहे. माझे मागणे एवढेच, की रबर कुठून आले, पट्टा कुणी धुतला आणि टायर कोणत्या वर्षीचा, हे तीन प्रश्न गाडीजवळच्या माहितीफलकावर यावेत. तेवढ्याने गाडीची शोभा तसूभरही कमी होणार नाही.

३१/ सारांश. मळ धुवावा. नक्कल निःसंकोच उजळावी आणि नक्कल म्हणून सांगावी. अस्सल जपावा, मग तो पिवळा असो वा काळा. आणि बनावटीला, ती कितीही देखणी असली तरी, दाद देऊ नये. पांढरा रंग पाहून हुरळू नये, पिवळा पाहून गहिवरू नये. आधी गुडघ्यावर बसून टायरवरचे अंक वाचावेत. बादली नंतर भरता येते.